वीस गुंठ्यांची धारण आणि संवर्धनाचा पैसा

प्रश्न कुठे उभा आहे

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेतच्या मध्ये कान्हे आहे. स्टेशनाच्या आसपास जुना मुंबई-पुणे महामार्ग, कारखाने आणि नव्या इमारती आहेत. थोडे आत, टाकव्याच्या वाटेने आंदर मावळात शिरले की उताराला धरून एकाखाली एक रचलेली भातखाचरे लागतात. घाटमाथ्यावर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला येता येता तो झपाट्याने उतरतो. या पावसात माती जागेवर राहते ती खाचरांच्या बांधांमुळे. वरच्या खाचराचा बांध जुलैत फुटला तर पाणी माती घेऊन खालच्या खाचरात उतरते, लावलेले रोप गाळाखाली जाते, आणि खालचा बांध तो भार सोसेल याची खात्री नसते. पुढे ही माती आंद्रा, वडिवळे, पवना अशा जलाशयांची वाट धरते. म्हणून बांध नीट ठेवणे हे एका शेतकऱ्याच्या फायद्याचे काम असले, तरी त्याच्याखालच्या सगळ्यांचे आणि धरणाचे पाणी पिणाऱ्या शहराचेही ते काम आहे.

माती, पाणी, झाडोरा आणि वाण राखण्याच्या या कामासाठी पैसा नाही असे नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या योजना आहेत, नाबार्डचे निधी आहेत, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प आहेत. हा पैसा अर्ध्या-पाऊण एकराच्या शेतकऱ्यापर्यंत आणि शहराच्या हद्दीत शेती करणाऱ्यापर्यंत अर्धवट का पोहोचतो, त्यावर कोणते उपाय सुचवले गेले आणि कशावर अजून एकमत नाही, याचा आढावा येथे घ्यायचा आहे. प्रश्न मावळ तालुक्यापुरता नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारण १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर होती. दोन हेक्टरांहून कमी जमीन असलेली खाती देशात सुमारे ८६ टक्के, पण त्यांच्याकडची जमीन एकूण क्षेत्राच्या निम्म्याहूनही कमी. मावळात याच प्रश्नाला आणखी दोन बाजू येऊन मिळतात, जोराचा पाऊस आणि जवळ आलेले शहर. म्हणून इथे तो अधिक स्पष्ट दिसतो.

उपलब्ध पुरावा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की अडचण रकमेची कमी आणि मोजमापाची जास्त आहे. मदत खात्यावर मोजली जाते, काम मात्र उतारावर असते. मदत बांध घालण्यासाठी मिळते, पण खर्च दरवर्षी तो सांभाळण्याचा असतो. यावरचे आक्षेपही गंभीर आहेत आणि त्यांचा विचार पुढे क्रमाने येईल.

मागची वाट

शेतजमीन सुधारण्यासाठी सरकारी पैसा देण्याची रीत इंग्रजी अमलापासूनची आहे. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने तगाईला चौकट मिळाली. तगाईला तारण लागे, ते जमिनीचे असे, आणि ज्याच्याकडे जमीन थोडी त्याला कर्जही थोडे. पुढचा टप्पा १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाचा. या कायद्याखाली समपातळी बांधबंदिस्तीची मोठी कामे झाली. योजना मंजूर झाली की असहमत मालकाच्या शेतातही काम करता येई आणि खर्चाचा वाटा त्याच्याकडून वसूल होई. तांत्रिकदृष्ट्या समपातळीवरचा बांध योग्यच होता, पण तो शेताच्या हद्दी पाहत नसे. लहान शेताच्या मधोमध तिरका बांध आला की औत फिरवणे अवघड होई, आणि बरेच बांध काही वर्षांत नांगरून टाकले गेले. कोरडवाहू भागातल्या मृदसंधारणाच्या अभ्यासकांनी हा अनुभव वारंवार नोंदवला आहे. त्याचे दोन अर्थ लावले गेले. प्रशासनाने शेतकऱ्याला संवर्धनाचे महत्त्व कळत नाही असे मानले. अभ्यासकांपैकी अनेकांनी मात्र दाखवले की शेतकऱ्यांचे स्वतःचे बांध आणि ताली हद्दीवर घातलेल्या असत आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या असत. त्यांचा विरोध हद्द न पाहता आखलेल्या रेषेला होता.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी आणि मृदसंधारण यांची सांगड पडली, १९७७ च्या कायद्याने ती पक्की झाली. ऐंशीच्या दशकात राज्याने सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम हाती घेतला आणि गाव किंवा ओढ्याचे पाणलोट हे कामाचे एकक मानले जाऊ लागले. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या शर्ती गावानेच घालून घेतल्या. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने आणि १९९९ पासून नाबार्डच्या पाणलोट विकास निधीने ती पद्धत पसरवली. या कार्यक्रमांचे श्रेय मोठे आहे. त्यांच्यावरची टीकाही तेवढीच नोंदली पाहिजे: चराईबंदीचा भार भूमिहीन आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांवर जास्त पडला, वाढलेले भूजल मात्र विहीर असलेल्याला मिळाले. शिवाय हा सारा भर अवर्षणप्रवण भागावर होता. पुणे जिल्ह्यातही लक्ष पूर्वेकडच्या तालुक्यांकडे गेले. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाची आखणीही मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील अवर्षण डोळ्यांसमोर ठेवून झाली. दुष्काळाच्या कसोटीवर हे बरोबरच होते, पण जिथे पाऊस भरपूर आणि धूपही भरपूर, तो घाटमाथ्याखालचा पट्टा या कसोटीत बसत नाही.

मावळाला संशोधनाचा वारसा मात्र जुना आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी हा भाताचा वाण प्रसारित झाला आणि आज तो तालुक्याची ओळख आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवडही लहान धारणेला साजेशी आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मध्ये खोल खोचलेल्या युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, अशी ती चार सूत्रे. गिरिपुष्प बांधावर वाढते, म्हणजे बांध धरून ठेवणारे झाडच खतही देते, आणि राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या तोडण्याची गरज कमी होते. घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र चिखलणी आणि वारंवारची नांगरट टाळते. तंत्राची उणीव नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

कागदावरची धारण आणि शिवारातली धारण

आता मुख्य अडचण. महाराष्ट्रात बहुतेक शेतकरी योजनांची दारे महाडीबीटी पोर्टलवर एकत्र आली आहेत. आधी सोडत निघे. २०२५ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य असे धोरण आले, आणि त्याच वर्षी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही सुधारणा आहे. पण ओळख क्रमांकाचा पाया अधिकार अभिलेख, म्हणजे सातबारा. मावळातला एखादा सातबारा उघडला तर खातेदाराच्या रकान्यात आजोबांच्या नावाखाली वारसांची रांग दिसते: भाऊ, चुलते, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला गेलेली भावंडे. खाली शेरा ‘सामाईक’. शेजारच्या रकान्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि त्यातून वजा केलेला पोटखराबा. प्रत्यक्षात कसणारा एकच भाऊ असतो, त्याचा बांध कुठे संपतो हे शिवारात सर्वांना माहीत असते. कागदावर मात्र त्याचा हिस्सा काही आर एवढाच निघतो आणि अर्जासाठी बाकीच्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रे गोळा करावी लागतात. जमिनीला गुंठ्याचा भाव आला की ही संमती मिळणे आणखी अवघड होते. कोणत्याही कागदावरची सही पुढे वाटणीच्या वादात वापरली जाईल, ही भीती निराधार नसते.

पोटखराब्याकडे जरा थांबून पाहायला हवे. खडक, ओघळ, झाडीचा तुकडा, पाण्याची वाट, अशी लागवडीला न येणारी जमीन पोटखराबा म्हणून दाखवली जाते. डोंगरउताराच्या शेतात पाणी मुरवणारा आणि जुनी झाडे राखणारा भाग हाच असतो, आणि योजनांच्या पात्र क्षेत्रातून तोच वजा होतो. पोटखराबा लागवडीखाली आणला तर त्याची तशी नोंद करून घेण्याची सोय २०१८ मध्ये झाली. पीककर्जाच्या आणि भूसंपादनाच्या मोबदल्याच्या दृष्टीने ती शेतकऱ्याच्या हिताची आहे, यात शंका नाही. पण तो तुकडा न मोडता राखला तर मिळेल असे काहीच समोर नाही. राखण्याला शून्य आणि मोडण्याला मोल, असा हिशेब असताना शेतकऱ्याला दोष देता येत नाही.

किमान क्षेत्राची अट हा दुसरा अडथळा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात कोकण विभागासाठी किमान क्षेत्र ०.१० हेक्टर आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी ०.२० हेक्टर ठेवले गेले. मावळाचा पाऊस, उतार आणि तुकड्यांचा आकार कोकणाला जवळचा, पण महसुली विभाग पुणे, म्हणून कसोटी मोठ्या क्षेत्राची. रोजगार हमीतल्या फळबागेसाठी किमान क्षेत्र ०.०५ हेक्टर इतके खाली आणले गेले, म्हणजे अट सैल करता येते हे शासनानेच दाखवले आहे. पण तिथे जॉबकार्ड लागते आणि मजुरी हमीच्या दराने. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा हा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तळेगाव-चाकणच्या औद्योगिक पट्ट्याशेजारी त्या दराने बांधावर राबायला माणूस मिळत नाही. दुष्काळी तालुक्यात मजूर आहे आणि काम हवे आहे. इथे काम आहे आणि मजूर नाही.

तिसरा अडथळा हातातल्या पैशाचा. बहुतेक योजनांत पूर्वसंमती, मग खर्च, मग मोका तपासणी, मग अनुदान असा क्रम आहे. सूक्ष्म सिंचनात केंद्र आणि राज्य मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. टक्केवारी अल्पभूधारकाला झुकते माप देते, पण आधी पूर्ण रक्कम उभी करणे ज्याला जमते त्यालाच ती उपयोगी पडते. फळबागेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते, आणि पुढच्या हप्त्यांसाठी दुसऱ्या वर्षी ८० व तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. जगलेल्या झाडावर पैसे देण्याचे तत्त्व उत्तम आहे. मात्र दहा-वीस कलमांच्या बागेत दोन-तीन कलमे मेली की टक्केवारी कोसळते, तर पाचशे झाडांच्या बागेत तेवढ्याने काही बिघडत नाही. एकच अट लहानाला आणि मोठ्याला वेगळी लागते, ती अशी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देखभाल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०२३ पासून अल्प व अत्यल्पभूधारकांना धरणातला गाळ शेतात पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. योजना उपयुक्त आहे आणि लहान शेतकऱ्याला नेमके पुढे ठेवणारीही. पण माती धरणात गेल्यावर ती वर आणायला पैसा आहे, आणि ती खाचरातच राहावी म्हणून दर उन्हाळ्यात बांधाची डागडुजी करणाऱ्याला काही नाही. बांध नव्याने घालणे योजनेत बसते. घातलेला बांध तीस वर्षे राखणे कुठल्याच लेखाशीर्षात येत नाही.

सुचवलेल्या वाटा

या अडचणींवरची मते ढोबळमानाने चार दिशांना जातात. ती एकमेकांना पूर्ण छेदणारी नाहीत, पण पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असल्याने कुणाला अग्रक्रम द्यायचा यावर खरा मतभेद आहे.

पहिली वाट प्रशासनाची. कागद साफ करा, मग मदत आपोआप पोहोचेल, असा तिचा विश्वास आहे. २०२५ ची ‘जिवंत सातबारा’ मोहीम मृत खातेदारांऐवजी वारसांची नावे लावण्यासाठी होती. २०२३ च्या सलोखा योजनेने वर्षानुवर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदल नोंदवता येऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर शेतकरी संघटनेने चालवलेली लक्ष्मीमुक्ती मोहीम, पत्नीचे नाव सातबाऱ्यावर आणणारी, याच वाटेवरची मानता येईल, कारण बांधावर राबणारी बाई कागदावर नसेल तर ती अर्जदारच होत नाही. या वाटेचे बळ असे की तिला नवा पैसा लागत नाही. मर्यादा अशी की वारसनोंद वाढली की खाते आणखी फाटते. दहा नावे लागलेला सातबारा अचूक असतो, पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेले क्षेत्र किमान अटीच्या खाली गेलेले असते. अचूक नोंद आणि पात्रता या दोन गोष्टी एकाच दिशेने जातीलच असे नाही.

दुसरी वाट गटाची. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेत सेंद्रिय शेतीसाठी शेतकऱ्यांचे समूह केले गेले आणि परस्पर हमीवर आधारलेले सहभागी प्रमाणीकरण आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाने १५,००० समूह, साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी असे लक्ष्य ठेवले, तरतूद २,४८१ कोटींची. यात एकरी वर्षाला ४,००० रुपयांचे प्रोत्साहन दोन वर्षे, एका शेतकऱ्याला एक एकरापर्यंत, अशी रचना आहे. किमान क्षेत्राऐवजी कमाल क्षेत्रावर मर्यादा घालणारी ही रचना लहान शेतकऱ्याच्या बाजूची आहे आणि इतर योजनांनी विचार करण्याजोगी आहे. गट केल्याने तपासणीचा खर्चही वाटला जातो. आक्षेप असा की अनुदान संपले की गट विरतात, आणि गटाचा हिशेब ठेवणारा एखादा प्रभावी माणूसच त्याचा मालक होतो. हा आक्षेप खरा आहे, पण सगळीकडे सारखा लागू नाही. बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसदा येथे सुरू केलेला आणि पुढे नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून देशभर गेलेला वाडी प्रकल्प पाहा. एका कुटुंबाला सुमारे एक एकर, त्यात आंबा किंवा काजूची कलमे, कडेने वनझाडे, बांधबंदिस्ती, आणि पहिली चार-पाच वर्षे सोबत राहणारा कार्यकर्ता. तिथे वाड्या टिकल्या, आणि याचे एक कारण असे की मदत कलम लावण्यापाशी थांबली नाही. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत माणसाची सोबत हीच अनुदानाइतकी मोठी मदत असते, आणि एकेका कृषी सहायकाकडे अनेक गावे असताना तीच तुटपुंजी पडते.

तिसरी वाट मोबदल्याची. जो निसर्ग राखतो त्याला, ज्याला लाभ होतो त्याने पैसे द्यावेत. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०११ च्या अहवालात निर्बंधांबरोबर संवर्धन सेवा शुल्काची कल्पना मांडली होती: देशी वाण, देवराया, जमिनीतला कर्ब राखणाऱ्यांना थेट मोबदला. कस्तुरीरंगन गटाच्या २०१३ च्या अहवालानेही परिसंस्था सेवांच्या मोबदल्याची शिफारस केली. पुढची चर्चा मात्र जवळजवळ पूर्णपणे नकाशाभोवती फिरली. ३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटातल्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा निघाला, महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात होते, आणि मावळातली अनेक गावे त्यातल्या गावांच्या यादीच्या चर्चेत राहिली. निर्बंधाचा मसुदा सहा वेळा निघाला. मोबदल्याची तितकी तपशीलवार योजना एकदाही समोर आली नाही. घाटातल्या शेतकऱ्याला संवर्धन म्हणजे बंदी असे वाटते, त्याचे मूळ इथे आहे. बाहेर उदाहरणे आहेत. हिमाचलातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये बोहल गावाशी करार करून झऱ्याचे पाणलोट राखण्यासाठी वर्षाला १०,००० रुपये देण्याचे ठरवले. रक्कम लहान, पण शहराने वरच्या गावाचे ऋण लेखी मान्य केले. न्यूयॉर्क शहराने नव्वदच्या दशकात अब्जावधी डॉलरांचा शुद्धीकरण प्रकल्प टाळून कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवरील सुधारणांचा खर्च उचलला. महाराष्ट्रात पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात खासगी मालकीची जंगले काही वर्षे न तोडण्यासाठी मालकांशी संवर्धन करार केले.

मावळाला ही वाट सर्वांत जवळून लागू पडते, कारण पवनेचे आणि आंद्र्याचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते. पण इथेच तिची सर्वांत कठीण परीक्षाही आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी नेण्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहर आणि वरची गावे यांच्यात पाण्याबद्दलचा कोणताही व्यवहार विश्वासाच्या प्रश्नापासून सुरू होतो. मोबदला घेणे म्हणजे पाण्यावरचा हक्क सोडणे नव्हे, हे कायद्याच्या भाषेत स्पष्ट लिहिल्याशिवाय असा करार टिकणार नाही. दुसरा आक्षेप मोजणीचा: एका बांधाने किती माती अडवली हे सिद्ध कसे करायचे? न्यूयॉर्कने प्रत्येक शेताचा थेंब मोजला नाही. कोणत्या पद्धती पाळल्या याची नोंद ठेवली आणि जलाशयाच्या पाण्याची प्रत मोजली. मावळात एका ओढ्यावरच्या सर्व खाचरांचे बांध पावसाळ्यापूर्वी नीट आहेत का, एवढे पाहणे ग्रामसभेच्या आवाक्यातले आहे.

चौथे मत संशयाचे आहे आणि ते टाळता येत नाही. या पट्ट्यातली जमीन आज ना उद्या प्लॉटिंगला जाणार, मग तिथे सार्वजनिक पैसा कशाला घालायचा? शिवाय सुट्टीसाठी जमीन घेतलेले आणि खातेदार म्हणून नोंदलेले लोक अशा मदतीचा पहिला लाभ घेतील. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पहिल्यावर उत्तर असे की विकली जाण्याची शक्यता आणि आजची धूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या दहा पावसाळ्यांत ती माती कुठे जाईल हा प्रश्न जमीन कुणाची होणार यावर अवलंबून नाही. मोठ्या बांधकामाऐवजी वार्षिक देखभालीला पैसा दिला तर जमीन विकल्यावर तो आपोआप थांबतो, बुडत नाही. दुसऱ्यावर उपाय क्षेत्राची वरची मर्यादा आणि प्रत्यक्ष कसण्याची ग्रामसभेने दिलेली खात्री. ग्रामसभेतही हितसंबंध असतात, हे मान्य. तरी कोण कसतो हे लपवणे गावात अवघड असते आणि पोर्टलवर सोपे.

शहराच्या हद्दीतली शेती

शहरी शेतकऱ्याची स्थिती अधिक धूसर आहे. गाव महापालिकेत किंवा नगरपंचायतीत गेले की जिल्हा परिषदेच्या शेती योजना आणि ग्रामीण रोजगार हमी त्याच्यापासून सुटतात, आणि महापालिकेकडे शेतीचे खाते नसते. असते ते उद्यान खाते. मावळात लोणावळा व तळेगाव नगर परिषदा आहेत, वडगाव नगरपंचायत झाले आहे, आणि तालुका २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नियोजनाखाली आहे. हद्दीत आलेले शेत त्याच दिवशी नापीक होत नाही, पण ते मदतीच्या नकाशावरून पुसट होत जाते.

ज्याच्याकडे सातबाराच नाही, गच्ची किंवा सोसायटीचा तुकडा आहे, त्याच्यासाठी पुणे महापालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मिळकत करात एका उपायाला ५ आणि दोन उपायांना १० टक्के सवलत दिली. घरमालकापुरती ही चांगली सोय आहे. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून उभी केलेली बाग हे श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून आलेले उदाहरण, तेही अनुदानाशिवायचे. रेल्वेरुळांकडेच्या पट्ट्यांत भाजी पिकवणाऱ्यांकडे तर जमिनीचा कायम हक्क नाही, आणि त्यांच्या बाबतीत नाल्याच्या पाण्याचा प्रश्न गंभीर आहे. या सर्वांना एकच ‘शहरी शेतकरी’ म्हणणे सोयीचे असले तरी धोरणाला उपयोगी नाही. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्याने शहरी शेतीसाठी केंद्रीय शेती खात्यात स्वतंत्र कार्यालय आणले, आणि तिथल्या संवर्धन कार्यक्रमात वंचित गटांतील व नव्या शेतकऱ्यांना खर्चाची निम्मी रक्कम आगाऊ घेता येते. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० या काळात लहान शेतकऱ्यांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १,२५० युरोंची ठोक रक्कम आणि कमी कागदपत्रांची योजना ठेवली होती. आगाऊ रक्कम आणि ठोक रक्कम या दोन्ही कल्पना आपल्याकडे आणताना तपासून घ्याव्या लागतील. पण लहान क्षेत्रासाठी वेगळे नियम करणे म्हणजे शिस्त सोडणे नव्हे, एवढे त्यांतून दिसते.

अजून न सुटलेले

सर्वांत अवघड गाठ वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याची आहे. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने लाखो कुळे मालक झाली; हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातले मोठे काम आहे. त्याचीच दुसरी बाजू अशी की कूळ लागेल या भीतीने आजचा मालक लेखी करार करत नाही, आणि कसणारा तोंडी शब्दावर राबतो. पुढच्या वर्षी हेच खाचर मिळेल का, हे माहीत नसलेला माणूस बांधाला माती कशाला लावील? नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला. तो स्वीकारला तर कसणाऱ्याला मदत मिळेल, असे समर्थक म्हणतात. मोठे भाडेपट्टेदार शिरून लहानांना बाहेर काढतील, असे विरोधक म्हणतात. मालकी न बदलता फक्त संवर्धनाच्या मदतीपुरती कसणाऱ्याची नोंद ग्रामपंचायतीत घ्यावी, हा मधला उपाय करून पाहण्याजोगा आहे, पण अशी नोंद पुढे कूळहक्काचा पुरावा ठरणार नाही याची कायदेशीर हमी कशी द्यायची, हे अजून कुणी नीट मांडलेले नाही. कातकरी आणि ठाकर कुटुंबांचा प्रश्न याहून वेगळा. ज्यांच्याकडे शेतीचा तुकडाही नाही, त्यांच्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्यातले सामूहिक दावे हाच संवर्धनाच्या पैशाकडे जाणारा रस्ता उरतो.

दुसरी गाठ खात्यांची. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण विभाग वेगळा झाला. बांध एका खात्याकडे, पीक दुसऱ्याकडे, मजुरी तिसऱ्याकडे, झाड चौथ्याकडे. दहा हेक्टरांचा मालक चार दारी जाऊ शकतो, वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याची एका दारी जाण्यातच मजुरी बुडते. एकाच अर्जावर चारही कामे आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, खर्चाच्या मंजुरीचे अधिकार वेगवेगळे असल्याने ते अडते. तिसरी गाठ मोजमापाची, आणि ती मला या सगळ्याची गुरुकिल्ली वाटते. सातबाऱ्यावरच्या खात्याऐवजी ओघळ हे एकक धरले तर अर्ज एका ओढ्यावरच्या सर्व खाचरवाल्यांचा होईल, किमान क्षेत्राची अट त्या ओढ्याला लागेल आणि पोटखराबाही हिशेबात येईल. पण त्या ओढ्यावरचे दोन खाचरवाले तयार नसतील तर काय करायचे? १९४२ च्या कायद्याने असहमताच्या शेतातही बांध घातला आणि बांध गेला. पाणलोट कार्यक्रमांनी सर्वांची संमती मागितली आणि अनेक गावे त्यातून गळाली. असहमतांना वगळून उरलेल्यांना पैसे दिले तर वरचा फुटका बांध खालच्यांची कामे वाहून नेऊ शकतो, आणि ते नुकसान कुणी भरायचे याचे उत्तर सध्याच्या कोणत्याही योजनेत नाही.